भीमानानांची सहलीची बॅग

गावात जीपचा हॉर्न वाजला की लोक कोण आलं ते बघतात. आमचे शेजारी भीमानाना आधी चप्पल घालतात. दाराआडच्या खुंटीला त्यांची रेक्झिनची बॅग बारा महिने भरलेली असते. धोतर, टॉवेल, साबण आणि चिवडा.

नाना ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि आमची ग्रामपंचायत म्हणजे कायम उतू चाललेलं दूध. सास्तूरजवळच्या या गावात पाण्याची टाकी एक आणि आळ्या दोन. वरच्या आळीचा सरपंच झाला की व्हॉल्व्ह वर उघडायचा, खालच्या आळीचा झाला की खाली. सदस्य दोन्हीकडं सारखे, मधे एकटे नाना. ज्यांचे नळ कोरडे त्यांना मत, हे नानांचं तत्त्व. त्यामुळं सरपंचाच्या घरी पाणी आलं रे आलं की त्याची खुर्ची हलायला लागायची. टीव्हीवर आफ्रिकेतल्या कुठल्या देशात सत्ता उलटली की नाना भिंतीवरून मला हाक मारत, "गुरुजी, बघा. तिकडं बी व्हॉल्व्हचंच भांडण असणार."

सरपंच बदलायचा म्हटलं की सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायची पद्धत. कोरड्या आळीची जीप आली की नाना सगळ्यांच्या आधी आत. तिथं मोबाइल काढून घेत. बाकीचे कुरकुरत, नाना मात्र आपणहून पुढं करत. "घे बाबा, तसाबी वाजत न्हाय."

परतले की आठवडाभर आमच्या ओट्यावर त्यांचा थाट.

"सरकार पाडलं, गुरुजी. गोव्याला लई मजा आली."

"समुद्र कसा होता?"

"हॉटेलातनं सोडलंच न्हाय की."

मग नियम बदलला. सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि गाव नुसतं पेटून उठलं. भोंगे, गुलाल, दोन्ही आळ्यांत जेवणावळी. निवडून आली रुक्मिणी. माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. तिनं पहिल्याच बैठकीत एक दिवस वर, एक दिवस खाली असं पाणी लावून टाकलं. इतकी वर्षं नानांना हवं होतं ते हेच. दोन्ही दिवशी ते त्या त्या आळीत "आलं, आलं" करत धावत होते, आणि मीही शाळेला उशीर करून त्यांच्यामागं धावलो.

त्यानंतर जीप येईना. परवा बाहेर हॉर्न वाजला, नाना चप्पल घालून दारात आले. दुधाची गाडी होती.

"नाना, आता कशाला बॅग भरून ठेवता? पाण्याचं तर मिटलं."

"मिटलं. लई ब्येस झालं."

"मग? समुद्र बघायचा राहिला म्हणून?"

नानी जाऊन बरीच वर्षं झाली, मुली पुण्याकडं. नाना खुंटीकडं बघत म्हणाले, "समुद्राचं काय घिऊन बसलाव. एका खोलीत चौघं निजायचो. कुणी ना कुणी घोरायचं. आमच्या घरात आता घोरायला कुणी न्हाय, गुरुजी."

मला फार वाईट वाटलं. शनिवारी बायको कळंबला माहेरी गेली. संध्याकाळी मी मोटारसायकल नानांच्या दारात नेली आणि दाबून हॉर्न वाजवला.

"नाना, बॅग घ्या. घरी मी एकटाच आहे, आणि बायको म्हणते मी लई घोरतो."

नानांनी खुंटीवरची बॅग काढली. चप्पल आधीच पायात होती.