भुयारभाऊंचं वर्तुळ

भातकुली किती लांब आहे, हे भुयारभाऊंच्या देखत कुणी विचारू नये. अमरावतीच्या स्टँडसमोर चहा पिताना एका पिशवीवाल्या म्हाताऱ्यानं टपरीवाल्याला ते विचारलं, तर उत्तर भाऊंकडून आलं, "हवेतून का रस्त्यानं?" म्हाताऱ्यानं एकदा वर आभाळाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ऑटोत जाऊन बसला.

भाऊ आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे आम्ही विहिरी, नाले, शिवारं डेटाबेसमध्ये भरतो. एका विहिरीला एक ओळ. तीत मालक, खोली, आणि शेवटच्या रकान्यात त्या विहिरीची पृथ्वीवरची जागा. मग विचारायचं, बाबा रे, नाल्यापासून दोनशे मीटरच्या आतल्या विहिरी दाखव. तो दाखवतो, विचारणारा शहाणा असेल तर.

मी लागलो त्याच आठवड्यात अक्षांशाच्या जागी रेखांश भरले आणि भातकुली तालुक्यातल्या सगळ्या विहिरी उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवल्या. भाऊ माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "चांगलं केलं गड्या. टंचाई मिटली. चहूकडं बर्फच हाये."

मागे उभे, कारण भाऊ बसत नाहीत. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा डबा बसतो. ते खिडकी ते दार फेऱ्या घालतात, फोनवर बोलताना जिन्यात जातात, जेवतानाही हातात पोळी घेऊन हिंडतात. कुणी "इथं जवळच" म्हटलं की तेवढे थांबतात. "जवळ म्हंजे किती? आकडा सांग." आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कुणाचीही असो, उत्तर पाहायच्या आधी प्रश्न वाचतात. "उत्तर कोनीबी देते. तू इचारलं काय, ते दाखव."

भाऊंच्या मुलीच्या, प्राचीच्या लग्नाचं निघालं तेव्हा या फेऱ्या इतक्या वाढल्या, की खालचा हार्डवेअरवाला वर येऊन विचारून गेला, पंखा पडला का म्हणून. काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. भाऊंची अट एकच, सासर शंभर किलोमीटरच्या आत.

"पोरीले ताप आला त गाडी काढली अन् पोचलो, असं पायजे."

नागपूरचा इंजिनिअर एका झटक्यात गेला. वर्ध्याच्या मास्तरावर भाऊ आठवडाभर अडकले, कारण तो हवेतून आत येत होता आणि रस्त्यानं बाहेर जात होता.

शेवटी त्यांनी समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "तू काढ. बापाच्या हातानं पोरं गाळाले बरं नाई वाटत."

मी फुशारलो. विहिरींच्या शेजारी पोरांचा तक्ता उघडला. विहिरींना खोली होती, पोरांना उंची. प्रत्येकाच्या नोकरीचं ठिकाण यंत्रासारखं भराभर टाकलं; शिक्षण, वय, उंचीच्या चाळण्या लावल्या आणि शेवटी भाऊंच्या घराभोवती शंभरचं वर्तुळ. पाच-सात नावं उरली. नाव, शिक्षण, वडिलांचं गाव एवढंच लिहून यादी प्राचीच्या फोनवर पाठवली, आणि क्वेरीसकट भाऊंना. भाऊंचं उत्तर आलं, "ठीक हाये." तीन वर्षांत माझ्या क्वेरीला ठीक म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. त्या आनंदात मी घरी आलुबोंडे नेले.

प्राचीनं अकोल्याचा सौरभ निवडला. मुलगा सुट्टीवर आलाय, तुम्हीच या, असा निरोप आला. सुट्टीवर कुठून, हे विचारायची अक्कल असती तर विहिरी भातकुलीतच राहिल्या नसत्या का?

भाऊ, प्राची आणि मी गेलो. अकोल्याला पोहे तोंडात असताना सौरभची आई म्हणाली, "आसामात चहाच्या मळ्यावर हाये तो. तिकडं पोहे भेटत नाईत त्याले."

मला लगेच कळलं. आमच्या डेटाबेसमध्ये जागा अंशांत लिहिलेल्या, त्यामुळे अंतरही तो अंशांतच मोजतो. मी शंभर किलोमीटर समजून शंभर अंश मागितले होते. इथे एक अंशच शंभरेक किलोमीटरचा. त्या वर्तुळात आसामच काय, निम्मं जग मावत होतं. भाऊंकडे पाहायची हिंमत झाली नाही. ते शांतपणे आणखी पोहे मागत होते.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. प्राची गाडीतच फोनवर होती. मी धीर केला.

"भाऊ, क्वेरी चुकली माही. अंश झाले."

"हौ."

"तुमाले माहीत होतं?"

"वाचता येते मले."

"मंग बोलले काऊन नाई?"

भाऊ टपरीपासून खांबापर्यंत जाऊन आले. "तुले शिव्या द्याले फोन उचलला होता. पायतो त समोर पोरगी. तुही यादी वाचत होती. या पोराच्या नावापाशी आली अन् फोन पालथा ठेवून देला. खालची नावं पायलीच नाई. कालेजात संगं होते म्हन्ते. पुस्तकात त्याच्यापुढं आसाम लिवलं होतं. मी चूक काढली असती त पयलं तेच नाव उडत होतं."

मी म्हटलं, "विमानानं एका दिवसात होते, भाऊ."

"ते पाहून झालं माहं." ते पुन्हा खांबापर्यंत गेले, आले. "तिकडं हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडते."

"पूर्वेले हाये ना."

"पोरीले अंधाराचं भेव वाटते. अजूनबी. दिवे लागायच्या टायमाले मी घरीच असतो, कुठंबी असलो तरी." त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो पोरगा पाचच्या आत घरी येत असन का रे?"