आठल्ये आणि नाचायच्या रेकॉर्डी

"खाली कोण राहतं?"

भास्कर आठल्यांच्या दुकानात रेकॉर्ड निवडून तुम्ही पाकिटाला हात घातलात की हा प्रश्न येतो. गिऱ्हाईक गोंधळतं. "खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. आपल्या फरशीच्या खाली. तिथे कोण राहतं?"

कुणी भाबडेपणाने "एक आजी असतात" म्हणालं की आठल्ये त्याच्या हातातून रेकॉर्ड काढून घेतात, पुसतात आणि जागेवर ठेवून देतात. "मिळणार नाही. ह्या संगीताचा ठेका खाली उतरतो. तुम्ही नाचणार आणि त्या बाईंनी दुपारी पडल्या पडल्या छत मोजायचं? तळमजल्यावर राहायला गेलात की या."

सदाशिव पेठेत, इंग्रजीच्या एका क्लासच्या जिन्याखाली हे दुकान आहे. आत तीन माणसं शिरली की चौथ्याने बाहेरूनच बोलायचं. आणि माल काय, तर फक्त डिस्को आणि हाऊस. काही रेकॉर्डी नव्या, काही जुन्या. म्हणजे कधीच्या बंद पडलेल्या, पण परदेशी कंपन्या आता पुन्हा छापतात त्या. आठल्ये त्यांना 'दुसरी आवृत्ती' म्हणतात. वय अडुसष्ट, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळाला कायमची आठी. हा माणूस नाचणं सोडाच, मान हलवतानाही मी पाहिलेला नाही. रेकॉर्ड लावतात आणि झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ उभे राहतात.

कुणी नाट्यगीतं मागितली तर म्हणतात, "ती पुण्यात सगळीकडे मिळतात. इथे फक्त नाचायचं मिळतं." हाऊस म्हणजे नक्की काय, असं एकाने विचारलं होतं. "डिस्को म्हणजे लग्न. हाऊस म्हणजे संसार. तेच ते, तेच ते, तेच ते, आणि मधेच कधीतरी उगाच बरं वाटतं." स्वतः अविवाहित आहेत.

मध्यंतरी हडपसरच्या आयटी पार्कातलं एक जोडपं आलं होतं. "अंकल, रेड कलरमध्ये आहे का ही? ॲक्चुअली आम्हाला वॉलवर फ्रेम करायचीय."

"रंगपंचमीला या."

"नाही पण, सीरियसली."

"मी सीरियसलीच हाकलतोय."

आणि "ओरिजिनल आहे का" असं दुसऱ्या आवृत्तीबद्दल चुकूनही विचारू नये. "अहो, गेलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलं तर आत घ्याल, की पहिल्या आवृत्तीचं आहेस का म्हणून विचाराल?"

लोक ह्याला गंमत म्हणतात, मोबाइलवर चित्रण करतात. मला गंमत वाटत नसे. मला राग यायचा. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. पन्नाशीत रेकॉर्डींचा नाद लागला आणि सहा वर्षं दर शनिवारी मी त्या जिन्याखाली उभा राहिलो. मी फारसा बोलत नाही. न बोलणाऱ्यावर ओरडायला सोपं जातं. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझ्या प्लेअरची सुई भिंगातून पाहिली. "पाठक, ही सुई आहे का दाभण? ह्याने रेकॉर्ड वाजवत नाहीत, गोण्या शिवतात. मार्केट यार्डात जा, काम मिळेल." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं जे मी केलं त्यात ह्या न जेवण्याचा वाटा आहे.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी आठल्यांनी लोखंडी कपाटातून एक रेकॉर्ड काढली. खाकी कागदात बांधलेली. पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्राने चाळीसेक वर्षांपूर्वी काढलेली, मराठी डिस्कोची. दोन-तीनशे छापल्या होत्या म्हणे, बहुतेक रद्दीत गेल्या. हा माणूस कुणाला दुकानातला कॅटलॉगही उसना देत नाही. पण ती रेकॉर्ड त्यांनी माझ्या हातात दिली. "ऐका. सोमवारी परत. पंचेचाळीसवर लावा."

मी मान हलवली. पण मी ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात अजून दाभणच होता.

न जाणणाऱ्यांसाठी सांगतो: रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांनी फिरते किंवा पंचेचाळीस. प्लेअरवर त्यासाठी एक खटका असतो. मोठी रेकॉर्ड बहुधा तेहतीसची. ही मोठी असून पंचेचाळीसची होती आणि तिच्यावर तसं छापलेलं नव्हतं. मी तेहतीसवर लावली. हत्ती चालावा तसा संथ ठेका आणि त्यावर एका पुरुषाचा जाड, ओढलेला आवाज. फार सुंदर होतं ते. मी ते संगणकावर उतरवून घेतलं आणि हौशी लोकांच्या एका साइटवर ठेवलं. आठल्यांना विचारलं नाही. सोमवारी रेकॉर्ड मुकाट्याने परत केली.

महिन्याभरात एका परदेशी कंपनीचं पत्र आलं. ही रेकॉर्ड पुन्हा छापायची आहे, हक्क कुणाकडे आहेत? मी लिहिलं, ऑर्केस्ट्रा कधीच बंद पडला, आता कुणी उरलेलं नाही. गायक कोण? माहीत नाही, रेकॉर्डवर फक्त ऑर्केस्ट्राचं नाव आहे. आभारात आपलं नाव घालू का? नको. हा विनय नव्हता. चारचौघांत मला गोण्या शिवायला पाठवणाऱ्याच्या कपाटातली वस्तू मी परस्पर जगाला वाटली, ह्याच्या मला गुदगुल्या होत होत्या.

वर्षभराने दुकानात एक मुलगी आली. "काका, ही मागवाल? पुण्याचीच आहे, पण सिंगर अननोन लिहिलंय. काय व्हॉइस आहे!" तिने मोबाइलवर गाणं लावलं.

आठल्यांनी दहा सेकंद ऐकलं असेल. "बंद करा." ती घाबरली. "बंद करा आणि बाहेर व्हा!" ती गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. आत मी एकटाच.

"कुमुदला पुसली, पाठक. तिचं गाणं ठेवलं आणि तिच्या जागी कुठला तरी बाप्या बसवला."

मग मला कळलं. कुमुद ही त्यांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी ऑर्केस्ट्रात गायली. रेकॉर्ड घरी आली तेव्हा वडिलांनी, आप्पांनी, एकदा ऐकली आणि सांगितलं: भजन म्हण, भावगीत म्हण, हे असलं ह्या घरात वाजणार नाही. सहा महिन्यांत तिचं लग्न करून टाकलं. ती पुन्हा गायली नाही.

"मी तिथेच उभा होतो," आठल्ये म्हणाले. "मोठा भाऊ. एक अक्षर बोललो नाही. हे दुकान काढलं तेव्हा म्हटलं, हिची एकटीची रेकॉर्ड ठेवली तर लोक विचारतील, ही का ठेवलीत. म्हणून तिच्या जातीच्या बाकीच्या आणल्या." मग आवाज चढला. "जुन्या बाजारातून दुसरी प्रत कुणीतरी हलकटाने उचलली असणार. सापडू दे मला! तीही तुमच्यासारख्या सभ्य माणसाच्या हाती लागली असती तर हे झालं नसतं."

बाप्या कुणीच बसवला नव्हता. तो माझा खटका होता. दुसरी कुठलीही रेकॉर्ड असती तर आठल्यांनी ही चूक दोन सेकंदांत पकडली असती, पण रागात माणसाचे आधी कान जातात. मी "बघू" म्हणालो आणि घरी आलो. त्यानंतर दोन महिने मी गप्प होतो, आणि त्या दोन महिन्यांत मीच त्यांच्यावर संतापत होतो. कोण गायलंय ते आधी का नाही सांगितलं? घरातलं गाणं परक्याच्या हाती द्यावंच कशाला? अपराधी माणसाला राग फार लवकर सापडतो.

मग कंपनीचं पत्र आलं. सगळ्या प्रती संपल्या, पुन्हा छापतो आहोत, काही दुरुस्ती असल्यास ह्या महिनाअखेर कळवावी. म्हणजे आता गप्प बसलो तर कुमुद दुसऱ्यांदा अज्ञात होणार होती, आणि ह्या खेपेस चुकून नव्हे.

शनिवारी एकला दहा कमी असताना, आठल्ये दुपारचं शटर ओढायला उठले तेव्हा मी म्हणालो, "तो हलकट मी आहे." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दाभणासकट.

मी ओरड्याची वाट पाहत होतो. तो आला नाही.

"तेहतीसवर?"

"हो."

"मी सांगितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही प्रयोगशाळेत होतात." शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. "उद्या हडपसरला यायचं. तिच्याकडे. प्लेअर तुम्ही उचलायचा. आणि तिला तुम्ही सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

कुमुदताई तिसऱ्या मजल्यावर राहतात, रस्त्याच्या बाजूला. मी सांगत होतो तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. आठल्ये खुर्चीच्या कडेवर, शब्द दिल्याप्रमाणे गप्प. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे जगात मी बाप्या म्हणून फिरतेय होय? लावा की. बघू तरी कसा दिसतो."

मी कंपनीने छापलेली प्रत तेहतीसवर लावली. तो जाड आवाज सुरू झाला. बाईंचे हात मेथीत थांबले.

"दादा," त्या म्हणाल्या, "अरे, हे आप्पा आहेत."

"काहीतरी बोलू नकोस."

"ऐक तरी. ओळीचा शेवट कसा ओढतायत बघ. आरतीला असेच ओढायचे. अगदी आप्पा!" आणि त्या हसायला लागल्या, पदराने डोळे पुसेपर्यंत. "मला गाऊ नको म्हणाले, आणि बघ, माझंच गाणं गातायत. सगळी कडवी!"

मी खटका पंचेचाळीसवर सरकवला. जेवढं मी संथ केलं होतं तेवढंच ते पुन्हा जलद झालं, आणि त्या चुकलेल्या रेकॉर्डमधूनच एकोणीस वर्षांची मुलगी स्वच्छ गाऊ लागली. ह्याला कुमुदताई हसल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"पाठक, कंपनीला कळवा," त्या म्हणाल्या. "एका बाजूला मला छापा. नावासकट. दुसऱ्या बाजूला आप्पांना."

"त्या माणसाचं नाव येणार नाही!" आठल्ये ताडकन उठले. "त्याने तुझं... आणि मी तिथे उभा राहून..."

"येईल," कुमुदताई मेथी पुढे ओढत म्हणाल्या. "त्यांचंही येईल. आणि तू आता पुरे कर, दादा."

आठल्ये खिडकीशी गेले. खाली एक बस हॉर्न वाजवत अडकली होती. गजांना धरून ते तिच्या ड्रायव्हरला मोठमोठ्याने शिव्या घालू लागले. त्याच्या कुळाला, परवान्याला, साऱ्या शहराला. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ घालत राहिले.

बस केव्हाच निघून गेली होती.