वाढत्या अंगाचा पिंजरा

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, नागपूर शहरी धरमपेठेतील आमच्या गल्लीत एका अजगराचे टेपने माप घेण्यात आले असून, छाती आणि कंबर एकच भरल्यामुळे माप घेणारे गृहस्थ अजगरावर रागावले आहेत. शेपटाकडची बाजू प्रस्तुत लेखकाने धरली होती. प्रस्तुत लेखकाची प्रकृती आता बरी आहे.

रागावलेल्या गृहस्थांचं नाव पुंडलिकजी टेलर. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तार ऑफिसात होतो, म्हणून पुंडलिकजी मला बाबूजी म्हणायचे. नत्थूजी नावाच्या घरमालकाची लागून लागून तीन घरं होती. पहिल्यात नत्थूजी स्वतः, मधल्यात पुंडलिकजी आणि त्यांची बायको कौसावहिनी, शेवटच्यात आमचं खटलं. पुंडलिकजींच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. माणसं दोनच, पण आवाज एकट्या पुंडलिकजींचा.

हा गृहस्थ सकाळी रागावूनच उठायचा. नळाला पाणी बारीक आलं तर नळावर, मोठं आलं तर बादलीवर. मशीनचा दोरा तुटला की दोऱ्याच्या कारखानदारापासून सुरुवात करून कपाशी पेरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायचे. "हा काय न्याय झाला, बाबूजी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उत्तराची अपेक्षा नसायची. मी एकदा उत्तर दिलं, तर माझ्यावर रागावले.

पण त्यांचा खरा, राखून ठेवलेला संताप एकाच गोष्टीसाठी होता. कोणी अंगाबरोबर कपडा मागितला, की संपलं. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे ते शिवायचे आणि प्रत्येक कपड्यात वाढीचं मार्जिन सोडायचे. मार्जिन कसलं, आत आणखी एक कपडा दडलेला असायचा. माझ्या मुलाची पहिलीतली चड्डी कमरेला सुतळी बांधून उभी राहायची आणि खालची दुमड इतकी जाड, की पोरगं चालताना दोन्ही पायांना दोन डबे बांधल्यासारखं दिसायचं. मी तक्रार घेऊन गेलो.

"पोट्टं वाढून राहिलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"वाढतंय."

"मंग चड्डीनं काय तसंच राहावं? वाढतं अंग आहे, बाबूजी. कपडा अंगाच्या पुढं पाहिजे. मागं राहिला तं तो कपडा नाही, शिक्षा आहे."

मी नोकरीला लागल्यावर एक कोट शिवायला टाकला होता. त्यातही माझा धाकटा भाऊ मावला असता. "सरकारी नोकरी आहे, पोट येईन," एवढंच म्हणाले. मला फार राग आला. हल्ली तो कोट मला बेताचा होतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

अशा माणसाच्या घरी अजगर आला, तो जळाऊ लाकडांतून. चांद्याकडच्या जंगलातली लाकडं टालीवर, म्हणजे वखारीत, यायची. कौसावहिनींनी चुलीसाठी मोळी सोडली, तर आतून एक हातभर, ठिपक्याठिपक्यांचं, करंगळीइतकं पिल्लू बाहेर आलं. कौसावहिनी बाजेवर चढल्या. पुंडलिकजी बाहेरून काठी घेऊन धावत आले, पिल्लाकडे पाहिलं, आणि आश्चर्य म्हणजे टालवाल्यावर रागावले.

"एवढं लहान लेकरू लाकडात बांधून पाठवते. हा काय न्याय झाला?"

त्यांनी मशीनचं लाकडी झाकण काढलं, उलटं केलं, त्यात चिंध्या घातल्या आणि पिल्लू आत ठेवलं. वरून इस्त्रीची फळी. नाव ठेवलं वामन. मी म्हटलं, "पुंडलिकजी, वामन पुढे केवढा झाला ते ठाऊक आहे ना?" तर म्हणाले, "म्हणूनच तं ठेवलं."

"हा घरात राहीन नाही तं मी राहीन," कौसावहिनींनी जाहीर केलं. दोघंही राहिले.

वामनाचं जेवण म्हणजे उंदीर. गल्लीतल्या प्रत्येक घरी सापळा होता, आणि ज्या घरांतून "हे ध्यान बाहेर काढा" अशी मागणी येत होती, त्याच घरांतून सकाळी सापळे पुंडलिकजींच्या दारात येऊन पडायचे. पुंडलिकजी यावरही संतापायचे. "याच्या जिवावर घरं साफ करतात आणि यालेच निघ म्हणतात." या एका बाबतीत मला त्यांचं म्हणणं पटायचं. आमचाही सापळा तिथेच जायचा.

झाकण काही महिन्यांतच अपुरं पडलं. मग आली संत्र्यांची पेटी. नागपुरात संत्र्यांच्या पेटीला काय तोटा? पुंडलिकजींनी चांगली मोठी निवडून आणली, घासली, उन्हात वाळवली. पण संत्र्यांच्या पेटीला फटी असतात. संत्र्यांना हवा लागावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात आणि संत्रं काही फटीतून बाहेर पडून फिरायला जात नाही. वामन गेला. भर दुपारी नत्थूजी जेवून वामकुक्षीला आले, त्यांनी वळकटी सोडली, आणि त्यांच्या गादीत वामन गुंडाळून झोपलेला.

नत्थूजी वजनदार गृहस्थ. त्या दिवशी ते धोतर सावरत ज्या वेगाने रस्त्यावर आले, तो वेग गल्लीने पुन्हा पाहिला नाही. पुंडलिकजींनी वामनाला उचलून आणलं आणि माफी मागायच्या ऐवजी नत्थूजींवरच चालून गेले.

"पेटीच्या फळ्या टोचून राहिल्या होत्या त्याले. तुमची गादी मऊ आहे, हा त्याचा गुन्हा आहे का?"

मग कौसावहिनींचं दुधाचं जाळीचं कपाट गेलं. वरच्या फळ्या काढून पुंडलिकजींनी वामनाला आत ठेवलं, आणि दूध, दही, लोणी खिडकीत आलं. कौसावहिनींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते असं: "खालून पत्रा थंडगार लागते. चिंध्या टाका त्यात. मले काय करायचं म्हणा."

दोन पावसाळे गेले. वामन मांडीइतका जाड झाला. कपाटात तो वेटोळ्यावर वेटोळं घालून बसायचा आणि जाळीला अंग दाबलं जाऊन त्याच्यावर चौकड्या उमटायच्या. पुंडलिकजींना ते बघवत नसे. गिऱ्हाईक समोर उभं असताना ते कपाटाकडे बघून पुटपुटायचे, "अंगात रुतून राहिलं." गिऱ्हाईक घाबरून स्वतःचा सदरा चाचपायचं.

त्यातच एके दिवशी कपाटाचं दार धक्क्याने उघडलं आणि वामन उंबऱ्यावर येऊन पडला. नत्थूजी तिथूनच चालले होते. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं.

"मास्टर, आता ऐकून घ्या. तान्ह्या पोळ्याले सारे पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतीन. तोपर्यंत हे जनावर कुलपाच्या पक्क्या पिंजऱ्यात नसलं, तं ते अन् तुम्ही, दोघंही माह्या घरातून बाहेर."

"पोट्ट्यांले तो काही करत नाही."

"पोट्ट्यांचं मले माहीत नाही. मले झोप लागून नाही राहिली."

म्हणून ते माप घेणं झालं. पुंडलिकजींनी वामनाला खोलीत सरळ केलं, मला शेपूट धरायला लावलं आणि गळ्यातला टेप काढला. "हात हलवू नका, बाबूजी, माप चुकते." मग वामनाला म्हणाले, "पोट आत घेऊ नको. श्वास सोड." वामनाने काय केलं मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते.

माप गेलं लालचंद मिस्त्रीकडे. लालचंद हा सरळ, सावकाश माणूस. त्याने सागाची सुबक पेटी केली, समोर जाळी, वर कडी. वामन त्यात सरळ झोपवला तर नाक एका टोकाला, शेपूट दुसऱ्या टोकाला. लालचंद खूष होऊन उभा. पुंडलिकजींचा चेहरा लाल.

"मार्जिन कुठाय?"

"माप तुम्हीच दिलं, मास्टर."

"ते आजचं माप होतं. आजच्या मापाचं कोनी शिवते काय? उद्या त्यानं काय नाक दुमडून ठेवावं?"

"मी पेट्या बनवतो. पेटी काही मागून उसवता येत नाही."

"म्हणून तं आधीच मोठी पाहिजे नं, लालचंद."

"किती मोठी?"

हा प्रश्न पुंडलिकजींना कोणी विचारायला नको होता. त्यांनी टेप सोडला. आधी पुढच्या वर्षीची वाढ धरली. घरी येऊन विचार केला आणि त्याच्या पुढच्या वर्षीचीही धरली. मग, कूस बदलायला जागा नको का, म्हणून रुंदी वाढवली. मान वर करून बघावंसं वाटलं तर, म्हणून उंची वाढवली. लालचंद दर वेळी फळ्या जोडत गेला. दुकानात गिऱ्हाइकांचे पोळ्याचे कपडे पडून राहिले. मी एकदा म्हटलं, "पुंडलिकजी, हा पिंजरा आहे की मंगल कार्यालय?" ते म्हणाले, "तुमच्या कोटाच्या वेळीही तुम्ही असंच बोलले होते."

तान्ह्या पोळ्याची सकाळ उजाडली. गल्लीतली पोरं नवे कपडे घालून, चाकांचे लाकडी बैल दोऱ्यांनी ओढत बाहेर पडली. सगळ्यांच्या चड्ड्या गुडघ्याखाली. नत्थूजी वाटायला चॉकलेटांचं ताट घेऊन ओट्यावर उभे. आणि हातगाडीवरून पिंजरा आला. सागाचा, तारेच्या जाळीचा, पितळी कुलपाचा. गाडीवर असताना त्याने अर्धी गल्ली अडवली. पोरांचे बैल थांबले.

आम्ही आठ जणांनी तो उचलला. पुंडलिकजी पुढून ओरडत होते, "हळू, पॉलिश आहे." पिंजरा दारात शिरला. निम्मा आत गेला आणि थांबला. मागे घेऊन तिरका केला. आडवा केला. उभा केला. शेवटी तो चौकटीत असा बसला, की आतही जाईना आणि बाहेरही येईना.

सापाची लांबी, जाडी, कूस, मान, पुढची दोन वर्षं, सगळं मोजलं होतं. दाराचं माप घ्यायचं राहिलं होतं.

पोरं आधी हसली. मग मोठी माणसं हसली. मीही हसलो. एकटे पुंडलिकजी दारावर रागावले होते. "चार माणसं राहायचं घर अन् दार मांजरीचं. हा काय न्याय झाला?"

हे दार नत्थूजींच्या वडिलांनी बसवलं होतं. नत्थूजींनी ताट पोरांच्या हातात दिलं आणि ते ओट्यावरून खाली उतरले.

"मास्टर, हसणं झालं. मी सांगितलं होतं तान्ह्या पोळ्यापर्यंत. आता दोनच रस्ते आहेत. हा पिंजरा कापून लहान करा, नाही तं जनावर आजच्या आज जंगलात सोडून या. माह्या दाराले हात लागणार नाही."

लालचंदने करवत घेतली होती. पण तो पुंडलिकजींकडे पाहत थांबला. पुंडलिकजींनी उभ्या आयुष्यात कोणाचं मार्जिन कापलं नव्हतं. गिऱ्हाइकाने हट्ट केला तर ते कापड परत करायचे. आता ते पिंजऱ्याच्या बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागावरून हात फिरवत होते. आम्ही सगळे वाट पाहत होतो, आता नत्थूजींचं काय होतं याची. एवढ्या मोठ्या अपमानावर केवढा मोठा आवाज येईल, म्हणून मी माझ्या मुलाला जवळ घेतलं.

आवाज आलाच नाही.

"काप, लालचंद," पुंडलिकजी म्हणाले. इतकं हळू, की लालचंदने पुन्हा विचारलं, "काय म्हणता?"

"काप. जंगलात नको. जेवढा मावन तेवढा ठेव."

लालचंदने करवत फळीला लावली. तेव्हा आतून जाळी वाजली. आम्ही वाकून पाहिलं. पिंजऱ्याच्या पलीकडे, दोन जाळ्यांतून दिसत होत्या कौसावहिनी. पिंजऱ्याच्या धक्क्याने दुधाचं कपाट डगमगलं होतं, म्हणून त्यांनी वामनाला बाहेर काढलं होतं. त्याचं निम्मं अंग त्यांच्या खांद्यावर होतं, निम्मं कमरेवर, आणि एक हात त्याच्या डोक्याखाली. नत्थूजींसमोर या बाईने कधी डोक्यावरचा पदर सारून तोंड वर केलं नव्हतं. तिने जाळीला तोंड लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली:

"करवत काढा तिथून. चौकट तोडा नं, नत्थूभाऊजी. एवढ्या वर्षांत या घरात पहिल्यांदा कोनी मोठं होऊन राहिलं."