पणजोबांच्या बंदुकीचा जीर्णोद्धार

इतिहास पुराव्यावर उभा असतो. पुरावाच लटपटत असेल, तर त्याला टेकू देणे हे वारसदारांचे कर्तव्य ठरते.

आमच्या काकांनी ते पार पाडलं. घरात पणजोबांची जुनी रायफल होती. तिच्या जोरावर पणजोबांनी पुलावर एकट्याने शत्रूची तुकडी रोखली होती. (तुकडीत मुळात सहाजण होते. काका गोष्ट सांगू लागल्यापासून भरती वाढली.) गावच्या संग्रहालयाने ती काचेच्या कपाटात, पणजोबांच्या नावाच्या पाटीसह ठेवायचं कबूल केलं. अट एकच : बंदूक निम्म्याहून अधिक मूळ भागांची हवी.

दस्ता वाळवीने खाल्लेला, चाप गायब. ते बदलणं भागच होतं. पण बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने नळीत दिवा धरला आणि म्हणाला, "साहेब, ही कोरी आहे हो. हिच्यातून जन्मात एकही गोळी सुटलेली नाही."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या माणसाच्या नावावर हयातभर छाती काढून हिंडले, त्याचीच नळी अशी उलटावी!

"मी या घरात आल्यापासून हेच म्हणतेय," काकू आतून म्हणाल्या. हे त्यांनी तेव्हा म्हणायला नको होतं.

काका मात्र खचणारे नव्हेत. पणजोबा लढले, हे सर्वमान्य. नळी लढलेली नाही, हे सिद्ध. सबब ही नळी पणजोबांची नव्हेच. मूळची कुणीतरी लांबवली. मिस्त्रीने भंगारातून एक झिजलेली, काळवंडलेली नळी आणली. काकांनी तिच्यावरून हात फिरवला आणि खरोखर डोळे पुसले. "हीच ती!" (ती रानडुकरं हाकायच्या बंदुकीची आहे, असं मिस्त्री सांगत होता, पण त्याला इतिहासातलं काय कळतंय?)

मग धडधाकट दिसेल तो भाग संशयित ठरला. घोडा गेला, स्क्रू गेले. संग्रहालयाच्या समितीने तपासणीअंती बंदूक सत्त्याण्णव टक्के अस्सल असल्याचा दाखला दिला. (उरलेले तीन टक्के म्हणजे बंदुकीच्या पट्ट्याचं बक्कल. तेवढं पणजोबांचं होतं.)

जुनी नळी वाया गेली नाही. सरळ होती, गुळगुळीत होती; काकूंनी तिच्यावर दिवाणखान्याचा पडदा टांगला. पाहुणे आले की काका त्याच पडद्यापुढे बसून पुलाची गोष्ट सांगतात.

हसताय काय? पणजोबा तुम्हालाही होते, आणि त्यांची गोष्ट सांगताना तुमचाही आवाज चढतो. आज जरा स्टुलावर चढा, आणि तुमच्या घरचा पडदा कशावर टांगलाय तेवढं बघून घ्या.