शेवटचा मसुदा

सकाळी साडेनऊला अनुवादिकेच्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला. आत पंखा घरघरत होता, बटणांखालचे दिवे जागे होते, पण दिसत काही नव्हतं. त्याच्या पोटात एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण अडकलं होतं आणि संपादकांना ते बाराच्या आत हवं होतं. दुरुस्तीवाल्याने फोनवर तीन दिवस सांगितले, तेही उपकार केल्यासारखे.

तिचा नवरा त्या दिवशी रजेवर होता. एका कंपनीत तो लिफ्ट तपासायचं काम करायचा. बिघडलेलं काही दिसलं की त्याला हुरूप येई. त्याने आपला लॅपटॉप आणला, दोन्हींमध्ये एक वायर जोडली आणि एक बटण दाबून धरत तिचा लॅपटॉप पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावर एक छोटं चित्र उमटलं, खाली तिच्या लॅपटॉपचं नाव.

"आता हा कॉम्प्युटर राहिला नाही," तो म्हणाला, "नुसता डबा झाला. माझ्यावरून उघडायचा आणि हवं ते काढायचं. वायरीला तेवढा धक्का लावू नकोस."

ज्या यंत्रावर आपण आठ पुस्तकं हातावेगळी केली त्याला कुणी डबा म्हणावं, हे तिला लागलं. पण घड्याळाकडे बघून तिने ते गिळलं. नवरा वायरीपासून लांब, स्वयंपाकघरात जाऊन बसला. तिने प्रकरण उघडलं, दोन तास मान मोडून त्यावर हात फिरवला आणि बाराला सात मिनिटं कमी असताना ईमेल लिहायला घेतली. जोडायची फाइल शोधायला 'शेवटचा मसुदा' असं टाइप केलं, सगळ्यात वर आली ती जोडली आणि पाठवून दिली. आता आपण दोघांच्या सामानात शोधतोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी संपादकांचा फोन आला. वीस वर्षांत त्यांनी तिचं कौतुक एकदाच केलं होतं, तेही मुखपृष्ठ बघून.

"बाई, शेवट पार बदललात तुम्ही," ते म्हणाले. "मूळ कादंबरीत नायक घर सोडतो, इथे नोकरी सोडतोय. पण जमलंय. 'सोळा वर्षं माणसांना वर नेणारी यंत्रं तपासली, मी मात्र तळमजल्यावरच राहिलो.' इथे मी चष्मा पुसला."

खुणा करून परत पाठवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. तिने पाठवलेली फाइल उघडली. तो तिच्या नवऱ्याचा राजीनामा होता. खरं प्रकरण माफीसह रवाना करून, संपादकांच्या लाल खुणांची प्रत आल्यावर तिने ती छापली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"अहो, हे कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं झाली," तो भांडं पुसत म्हणाला. "शेवट जमत नव्हता."

"मग मला सांगायचंत ना. मी दिवसभर दुसऱ्यांचे शेवटच जमवत असते."

समासात संपादकांनी लिहिलं होतं : 'नायकाला खरंच जायचंय असं वाटत नाही. कुणीतरी थांब म्हणेल याची वाट बघतोय का?' ती ओळ तो बराच वेळ वाचत राहिला. मग दोघं शेजारी बसली. त्यांनी दोन परिच्छेद उडवले, 'नाइलाजाने' हा शब्द सगळीकडून काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते पत्र स्वतःच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

तीन दिवस काहीच हाललं नाही. तो रोज कामावर जाई आणि ती रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे बघे. चौथ्या दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं, उठून स्वतः दार लावलं आणि पत्र तीनदा वाचल्याचं सांगितलं. असं लिहिलेलं काही या कचेरीत आजवर आलं नाही, असंही म्हणाले. आता हे थांबा म्हणणार, म्हणून तो खुर्चीत सावरून बसला.

"तुमचा राजीनामा मंजूर करतो," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "पण जायच्या आधी माझाही एक लिहून द्या."