डोहकरणीचे नाक

पहिला शब्द कुणी काढायचा, एवढाच प्रश्न होता. काचेपलीकडे डोहकरणीचा पुतळा उभा होता: सात फूट उंच, अंगभर खवले, वीतभर नखे. अलीकडे सासूबाई. दोघींचे नाक एक, हनुवटी एक. आणि आता दोघीही जावयाकडे एकाच नजरेने पाहत होत्या.

जावयाच्या बायकोला सातवा महिना. सासरे गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या सासूबाईंना त्याने घरी राहायला येण्यासाठी तीनदा विनवले, तेव्हा कुठे चौथ्यांदा त्या म्हणाल्या होत्या, "येते. पण वाटेत मनाविरुद्ध काही झालं, तर तिथूनच मागे फिरेन." मधल्या गावात बस तासभर थांबणार होती. सासूबाईंची पहिली नोकरी इथल्याच टपाल कचेरीत झालेली. जरा विरंगुळा म्हणून गावच्या डोहातल्या या राक्षसिणीच्या दंतकथेचे हे संग्रहालय पाहण्याची अवदसा त्यालाच आठवली होती.

शांतता मोडावी म्हणून तो पाटी वाचू लागला. "स्वभाव तापट. एकदा मागे लागली, की..."

"वाचा की."

"...की सोडत नाही. पुढचं अक्षर पुसट आहे, आई."

"मला दिसतंय. 'पुरुषांना विशेष धोका.'"

"काहीही लिहितात हो हे लोक! चेहरा तर अगदीच... म्हणजे चांगला आहे. तुमच्यासारखा नाही. म्हणजे, तुमच्याइतकाच चांगला..."

"जावईबापू, पुरे."

एवढ्यात संग्रहालय सांभाळणारे वृद्ध मास्तर फडके घेऊन आले. "फोटो काढायचा तर शेजारी उभ्या राहा, बा..." फडके हातातून गळले.

"हा चेहरा कुणी केला?" सासूबाईंचा आवाज टपालाच्या खिडकीसारखा खाडकन् उघडला.

"मी. शाळेत चित्रकला शिकवायचो." मास्तरांनी फडके उचलून त्याची विनाकारण घडी घातली. "गावानं हिची सतरा वर्णनं दिली. एकमत एकाच गोष्टीवर. तिनं बघितलं, की माणसाचे पाय जागीच रुततात. माझे एकदाच रुतले होते. टपालाच्या खिडकीपाशी. चार महिने रोज तिकिटं घेतली, पत्र कुणालाच लिहिलं नाही. मग एक दिवस खिडकीत दुसरंच कुणी बसलेलं."

जावयाने मनातल्या मनात सासूबाईंना परतीच्या बसमध्ये बसवले.

सासूबाई काचेजवळ गेल्या. खवल्यांवर त्यांचे प्रतिबिंब तरंगत होते. त्यांनी एक पांढरी बट कानामागे सारली.

"नाक मोठं झालंय."

"आठवणीतून केलं ना. समोर बसलात, तर दुरुस्त होईल. मागच्या खोलीत माती भिजवलेलीच आहे."

बाहेर बसने हॉर्न दिला.

"आई, बस! तुमची लेक घरी वाट बघतेय. नाकाचं काय एवढं, छान आहे नाक! आई, येताय ना?"

सासूबाईंनी बाळाच्या कपड्यांची पिशवी जावयाच्या हातात दिली, आणि मास्तरांच्या पाठोपाठ त्या मागच्या खोलीकडे चालू लागल्या.