बदली आल्बट्रॉस

आमच्या बेटावर आल्बट्रॉस कमी पडले, की त्यांच्या जागी शास्त्रज्ञ बसवतात. पक्षीगणनेचा आकडा घसरलेला मुख्य कार्यालयाला चालत नाही.

बेट पार दक्षिणेला आहे. झाड औषधालाही नाही, नुसतं गवत आणि डोकं उठवणारा वारा. आल्बट्रॉसची जोडी इथे एकच अंडं घालते. एकाने उबवायचं, दुसऱ्याने पोट भरायला समुद्रावर जायचं, तो परतला की माना लववून पाळी बदलायची. यंदा कित्येक माद्या परतल्याच नाहीत. मासेमारी जहाजांच्या लांबलचक दोरांना गळ असतात. ते गिळून या माद्या बुडतात. हे मी वायरलेसवर घसा फोडून सांगितलं.

"गळ आमच्याकडे येत नाहीत," संचालक निमकर शांतपणे म्हणाले. "ते खातं वेगळं. मादीची जागा रिकामी आहे ना? वर्तकबाईंना बसवा."

"अहो, बाई पुढच्या जहाजाने घरी चालल्यात! लेकीचं बाळंतपण आहे!"

"मग तोवर बसवा."

तळावर आम्ही दोघंच. माझं डोकं फिरलं होतं, पण उभा जन्म पक्ष्यांमध्ये काढलेल्या वर्तकबाईंना थंड पडत चाललेलं अंडं बघवेना. पायात कडं नसलेला पक्षी गणनेत धरत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच घोट्यात कडं अडकवलं आणि अंडं जाकिटाखाली पोटाशी घेऊन घरट्यात बसल्या. नराने त्यांना नीट न्याहाळलं, मान लववली आणि तो समुद्रावर गेला.

जहाज आलं तरी नर आला नव्हता. कप्तान पेडणेकर टेकडी चढून वर आले आणि बाईंच्या पायाकडे बघत राहिले.

"माफ करा, बाई. कडं घातलेला पक्षी बेटावरून नेता येत नाही."

"पक्षी?" मी ओरडलो. "तुमच्याशी बोलतायत त्या!"

"ते ऐकू येतंय. पण कडंही दिसतंय."

"मग कडं काढतो!"

"ते बेकायदेशीर आहे," या वेळी बाईच म्हणाल्या. "चिपळूणला माझ्या अमृताचे दिवस भरलेत रे," असं म्हणत त्यांनी अंडं पोटाशी आणखी घट्ट धरलं. त्या निमकरांच्या नावाने मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यात नर उतरला. घरट्याशी येऊन त्याने मान लववली. बाईंनीही लववली, अंडं त्याच्या पोटाखाली सरकवलं आणि गुडघे धरत उठल्या.

"आता समुद्रावर जायची पाळी माझी," त्या म्हणाल्या.

कप्तानांनी विचार केला. "समुद्रावर निघालेला पक्षी डेकवर येऊन बसला, तर आम्ही हाकलत नाही."

बाई डेकवर जाऊन बसल्या. जहाज दिसेनासं होईपर्यंत मी हात हलवत होतो.

अमृताला मुलगी झाली. बाई काही परतल्या नाहीत, आणि कुठल्या तोंडाने परत या म्हणणार? घरट्यातला नर उपाशीपोटी समुद्राकडे डोळे लावून बसला होता. गळ अजून तसेच आहेत, असं मी वायरलेसवर सांगितलं.

"मादीची जागा पुन्हा रिकामी झाली का?" निमकरांनी विचारलं. "तळावर कोण आहे?"

मी वायरलेस आपटला. निमकरांना, गळांना, सगळ्यांना शिव्या घालत टेकडी चढलो. नराने माझ्याकडे पाहिलं आणि मान लववली.

मीही लववली.